जुन्या चाकूचे पाणी उतरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंजलेला जुना चाकू घ्यायचा, ग्राइंडरवर धरायचा, ठिणग्या उडवायच्या आणि शेवटी आरशासारखे झालेले पाते कॅमेऱ्यासमोर फिरवायचे, अशा चित्रफितींची सध्या चलती आहे. बघायला मजा येते, नाही असे नाही. पण हाच प्रयोग रानात, छावणीत, लाकूडकामात वर्षानुवर्षे राबलेल्या चाकवांवर घरोघरी सुरू झाला आहे. त्यात चाकू सुधारण्याऐवजी नासण्याची शक्यता अधिक, म्हणून हा पत्रप्रपंच. वापरलेल्या चाकूची ओढ अनेकांना असते. ती जुन्या आठवणींपुरती आहे असे समजून लोक त्याला चमकवायला घेतात. खरे तर त्या ओढीमागे पोलादाची आणि भूमितीची चांगली भक्कम कारणे आहेत.

आधी नव्या चाकूबद्दल. कारखान्यात धार लावली जाते ती वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर, आणि शेवटचा हात बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या कापडी चाकावर. धारेचे टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असते. ते कोरडे घासताना क्षणभर तापले तरी तेवढा थर मऊ पडू शकतो. शिवाय बफने बर, म्हणजे घासताना धारेच्या कडेला उभी राहणारी धातूची बारीक कोर, नीट निघत नाही, नुसता चोपला जातो. असा चाकू पहिल्या दिवशी कागद कापतो आणि आठवड्यात बोथट होतो. दगडावर दोन-तीनदा धार लावली की तो बिघडलेला थर झिजतो आणि खाली नीट पाणी दिलेले, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलेले पोलाद लागते. ‘चाकू वापरात आला आणि धार जास्त टिकायला लागली’ असे म्हणणाऱ्यांचा हा भास नसतो. मुठीच्या कडांचेही तेच. तळहाताला टोचणारे कोपरे घासून जातात, पाठीवर अंगठा टेकतो तिथली धारदार कड मोडते. आणि पाणी देताना ज्या पात्याला सूक्ष्म तडा गेला असेल ते बहुधा लवकरच तुटते. बरीच वर्षे नेटाने वापरून टिकलेला चाकू एवढी परीक्षा तरी पास झालेला असतो.

आता खुणांकडे या. चाकू उजेडात तिरका धरला की दोन प्रकारचे ओरखडे दिसतात. पात्याच्या लांबीला समांतर, सरळ, एकसारख्या रेघा असतील तर म्यानात वाळू किंवा माती अडकलेली आहे. दर वेळी चाकू आत-बाहेर करताना ती पाते खरवडते. हे चामड्याच्या म्यानात होते आणि कडक प्लॅस्टिकच्या म्यानात अधिक होते. उपाय म्हणजे म्यान उलटे करून झटकणे, प्लॅस्टिकचे असेल तर आतून धुऊन पूर्ण वाळवणे. आडवे, वेडेवाकडे, धारेपासून पाठीकडे गेलेले ओरखडे दिसले तर कोणीतरी भांडी घासायच्या तारेने किंवा जाड पॉलिश पेपरने पाते घासले आहे असे समजावे. पाठीवर छोट्या जागेत चकाकी आणि बारीक बर असेल तर तिथे आग पेटवण्याची फेरो कांडी घासली जात होती. पाठीवर उथळ, गोलसर दबलेल्या खुणा म्हणजे लाकडी दांडक्याने ठोकून काटक्या फोडल्या आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. खोल, टोकदार ठोके मात्र हातोडीचे किंवा दगडाचे. असा चाकू हाती आला तर पुढे सांगितलेली तड्याची तपासणी केल्याशिवाय तो वापरू नये.

पात्यावरच्या रंगाचा घोळ सगळ्यात मोठा आहे. कार्बन पोलादात क्रोमियम जवळजवळ नसते, त्यामुळे फळांचे आम्ल, ओल्या सालीतले टॅनिन, झाडांचा चीक यांची लोहावर प्रक्रिया होऊन राखाडी, निळसर, काळपट थर बसतो. हा थर पातळ, घट्ट असतो आणि फडक्याला लागत नाही. तो पुढचा गंज पूर्ण थांबवत नाही, पण त्याचा वेग कमी करतो. नारिंगी गंज वेगळा. तो भुसभुशीत असतो, फडक्यावर उतरतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खड्डा पाडत जातो. चमकवण्याच्या नादात लोक दोन्ही एकदमच काढतात. परिणाम असा की नुकते उघडे पडलेले पोलाद पहिल्या ओल्या रात्रीत पुन्हा नारिंगी होते, आणि मग ‘जुन्या चाकवांची कटकटच फार’ अशी तक्रार.

तिसरा, तापल्याने येणारा रंग मात्र धोक्याचा, आणि त्यासाठी थोडे खोलात जावे लागेल. पाते लालबुंद करून तेलात बुडवले की पोलाद कडक होते, पण इतके ठिसूळ की हातातून पडले तरी तुटावे. म्हणून साध्या कार्बन पोलादाचे पाते नंतर साधारण १८० ते २३० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवून त्याचा ठिसूळपणा मारतात. असे पाते कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर बहुधा ५६ ते ६० च्या दरम्यान येते. पुढे कधीही ते या तापमानाच्या वर गेले की कडकपणा उतरतो, आणि तो परत आणायचा तर पहिल्यापासून सगळे करावे लागते. ग्राइंडरवर पाठ हाताला कोमट लागत असताना धार ३०० अंशांवर गेलेली असू शकते, कारण तिथे उष्णता साठवायला धातूच नसतो. साध्या पोलादावर अंदाजे २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा रंग येतो. रंग दिसल्यावर पाण्यात बुडवून उपयोग नाही, पाणी उतरायचे ते उतरलेले असते. वरून पॉलिश केले की रंग जातो, मऊपणा तसाच राहतो. चकचकीत करून विकलेल्या जुन्या चाकवांत हा दोष हमखास लपतो. शेकोटीत काटकी सारायला चाकू वापरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, टोकाचे पाणी असेच जाते.

मग निळा रंग तापल्याचा की आम्लाचा, हे कसे ओळखायचे? आम्लाचा निळसरपणा डागाडागांचा असतो. रस जसा ओघळला तशी त्याची कड वेडीवाकडी दिसते. तापल्याचा रंग पट्ट्यांनी येतो आणि पट्ट्यांचा क्रम चुकत नाही. मध्ये निळा, त्याबाहेर जांभळा, मग तपकिरी, शेवटी पिवळा. असे पट्टे धारेवर किंवा टोकावर असतील तर बारीक दातांची चांगली कानस घेऊन धारेच्या त्या भागावर अगदी हलकी ओढून बघावी. घसरली तर पोलाद अजून कडक आहे, सहज चावायला लागली तर पाणी गेले. ही परीक्षा पाठीवर करू नये. स्वीडनमधल्या मोरा भागातल्या जुन्या चाकवांत पुष्कळदा मधला थर कडक आणि दोन्ही अंगांना मऊ पोलाद असे तीन थर जोडलेले असतात, आणि काही पात्यांत धारच कडक ठेवून पाठ मुद्दाम मऊ राखलेली असते. तिथे कानस चालली म्हणून घाबरायचे कारण नाही. स्टेनलेसमध्ये हेच रंग अधिक तापमानाला उमटतात, म्हणून वरचे आकडे त्याला लावू नयेत. मऊ झालेला भाग दीड-दोन मिलिमीटरच असेल तर हातदगडावर तेवढा घासून काढता येतो. सगळेच पाते गेले असेल तर मूठ काढून नव्याने पाणी देण्यावाचून मार्ग नाही.

आता झिजण्याबद्दल. माझ्या मते वापरलेल्या चाकूची खरी गंमत इथे आहे आणि खरी अडचणही. बहुतेक पाती पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ होत जातात. समजा पाते २५ मिलिमीटर रुंद, पाठीला ३ मिलिमीटर जाड आणि धारेच्या लगेच मागे अर्धा मिलिमीटर जाड आहे. म्हणजे धारेकडून पाठीकडे दर मिलिमीटरला जाडी सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढते. धार लावून लावून पाते ३ मिलिमीटर झिजले की धार जाड भागात सरकते आणि तिच्या मागची जाडी ०.८ वर जाते. दोन्ही बाजूंनी २० अंशांची धार असेल तर सुरुवातीला धारेची चमकती पट्टी पाऊण मिलिमीटर रुंद होती, ती आता सव्वा मिलिमीटरच्या घरात जाते. धार कितीही तीक्ष्ण असो, असा चाकू लाकडात शिरताना अडतो आणि कापण्याऐवजी फाडतो. ‘धार तर आहे, पण कापत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. लोक मग धार आणखी लावतात, पाते आणखी झिजते, धार आणखी जाड भागात सरकते. उपाय धारेवर नसतो, गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंवर असतो. पाते दगडावर जवळजवळ आडवे, चार-पाच अंशांत ठेवून धारेमागचा भाग दोन्ही अंगांनी घासत आणायचा, पट्टी पुन्हा पाऊण मिलिमीटरवर येईपर्यंत. काम कंटाळवाणे आहे, २२० च्या जाड दाण्याच्या दगडावरसुद्धा तासाभराचे (दगडाचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). पण चाकू पूर्ववत चालायला लागतो तो यानेच.

याच झिजेतून दुसरी गोष्ट घडते, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दगडावर पाते धरताना बहुतेक जण अंश मोजत नाहीत. पाठ दगडापासून किती उचलायची हे हाताला बसलेले असते. २५ मिलिमीटर रुंद पात्याला २० अंशांसाठी पाठ साडेआठ मिलिमीटर उचलावी लागते. पाते झिजून २० मिलिमीटर उरले आणि हात तितकाच उचलला तर कोन २५ अंशांच्या वर जातो. आधीच जाड झालेली धार त्यामुळे आणखी बोथड कोनाची होते. २० मिलिमीटर रुंदीला २० अंशांसाठी सात मिलिमीटरच्या थोडे आतच उचलावे लागते. जुना चाकू हाती घेतला की पाते आधी मोजावे आणि हाताची सवय त्याप्रमाणे बदलावी. खात्रीसाठी धारेच्या पट्टीवर मार्करने काळी रेघ मारायची आणि दगडावर दोनदा ओढून बघायचे. शाई वरच्या कडेची गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त धारेच्या टोकाची गेली तर जास्त वर.

फिनलंडचा पुक्को किंवा मोरा यांसारख्या स्कँडिनेव्हियन घडणीच्या चाकवांना ही जाडीची कटकट फारशी नसते. त्यांची उताराची पट्टी रुंद असते. ३ मिलिमीटर जाड पात्याला दर बाजूला १२ अंश दिले तर सात मिलिमीटरच्या आसपास. ती पूर्ण पट्टी दगडावर सपाट टेकवून घासायची, कोन आपोआप तोच राहतो. घोटाळा होतो तो घाईमुळे. पूर्ण पट्टी घासायला वेळ लागतो म्हणून पाठ थोडी उचलून नुसत्या टोकाला चार हात मारले जातात. एकदा-दोनदा ठीक. दहादा तेच केले की धारेलगत वेगळीच एक चमकती रेघ दिसू लागते आणि चाकू लाकूड तासताना आत न शिरता वरून घसरतो. ती रेघ नाहीशी होईपर्यंत पूर्ण पट्टी घासावी, दुसरा उपाय नाही.

धार लावण्याचा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा भाग सोडून दिला तरी चालेल. खांडे पडली असतील तर ४०० च्या दगडापासून सुरुवात, नाहीतर थेट १०००. भिजवून वापरायचे दगड दहा मिनिटे पाण्यात ठेवावेत. काही दगडांना वरून पाणी शिंपडले की पुरते. एका बाजूने घासत राहायचे ते दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग बर येईपर्यंत. बर तपासायचा तो अंगठा पाठीकडून धारेबाहेर ओढून, धारेच्या लांबीवर कधीच नाही. बर जिथे आला नाही तिथे धार झालेली नाही, दुसरी बाजू घेण्याची घाई करू नये. टोकाकडच्या गोलाईवर मूठ किंचित उचलावी, नाहीतर तिथला कोन बदलतो आणि टोक बोथट राहते. दोन्ही बाजूंना बर आला की दाब निम्म्याने कमी करत आळीपाळीने एकेक हात मारायचे. मग ३००० चा दगड, तोही हलक्या हाताने. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून, धार मागे राहील अशा दिशेने, दर बाजूला दहा-पंधरा वेळा. इथे हात जड पडला किंवा पाठ जास्त उचलली गेली तर चामडे दबून धारेभोवती वळते आणि आत्ताच आणलेली धार गोल होते. दोर, फांद्या, साली कापायच्या असतील तर १००० च्या दगडावर थांबलेलेच बरे, किंचित दातेरी धार दोरात चांगली धरते. हातावरचे केस उडवून दाखवणारी धार फोटोपुरती छान.

दगडही झिजतो, हे विसरले जाते. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर सरळ पाते कधीच नीट होत नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून, जाड काचेवर चिकटवलेल्या जाड दाण्याच्या वॉटर पेपरवर पाण्यासह घासावे. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. पात्याचेही असेच. मुठीजवळ दगड पोहोचत नाही आणि मधला भाग जास्त घासला जातो, म्हणून जुन्या पात्याच्या धारेत पुष्कळदा खोलगट कमान पडलेली असते. धार काचेवर टेकवून मागून उजेड बघावा. फट दिसली तर धार सरळ उभी धरून जाड दगडावर घासून आधी रेषा सरळ करावी, मग नव्याने कोन द्यावा. धार मुद्दाम मारून टाकण्याचे धाडस होत नाही, पण अर्धवट केले तर कमान कायम राहते. टोक दोन-तीन मिलिमीटर मोडले असेल तर पाठीच्या बाजूने घासत टोक खाली आणावे, धारेच्या बाजूने वर नेऊ नये. पाठीकडून घासले तर धारेची रेषा आणि कोन दोन्ही शाबूत राहतात.

गंजाचे थोडक्यात. वरवरचा नारिंगी गंज हलके तेल आणि सर्वांत बारीक, ०००० नंबरच्या स्टील वूलने निघतो, काळा थर बराचसा तसाच राहतो. गंज फुगून वर आला असेल तर पितळेच्या पट्टीने खरवडावा. पितळ पोलादाहून मऊ, ओरखडा पडत नाही. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने गंज जातो खरा, पण आम्ल चांगले पोलादही खाते, धारही जाते आणि उत्पादकाचा ठसा पुसट होतो. खड्डे धारेपासून दूर असतील तर त्यांना हातही लावू नये. धारेवर आलेला खड्डा मात्र दर वेळी नवे खांडे पाडतो, तो संपेपर्यंत धार मागे घ्यावीच लागते. स्टेनलेसच्या पात्यात किमान साडेदहा टक्के आणि चाकवांत सहसा तेरा टक्क्यांच्या पुढे क्रोमियम असते. तरी खारे पाणी किंवा घाम तसाच राहिला तर त्यालाही बारीक खोल छिद्रे पडतात.

तड्याची तपासणी ठोकाठोकीचे काम केलेल्या प्रत्येक चाकूची करावी. पाते मुठीत शिरते त्या जागी, उतार संपून सपाट भाग सुरू होतो त्या रेषेवर आणि रिव्हेटच्या भोकांपाशी तडे जातात. काटकोनी खाचेत ताण एकवटतो म्हणून. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, रॉकेल लावून दहा मिनिटे थांबावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची बारीक पूड पसरावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल पाच-दहा मिनिटांत पुडीवर ओलसर रेघ उमटवते. अशी रेघ दिसली तर वेल्डिंग वगैरेच्या फंदात पडू नये, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पाणीही जाते. पात्यात तडा नसूनही टिचकी मारल्यावर बद्द, खडखडता आवाज आला तर मूठ आतून सुटलेली असते.

लाकडी मुठीवर वर्षांच्या वापराने जो गुळगुळीतपणा येतो तो कोणत्याही वॉर्निशने येत नाही, म्हणून मूठ पॉलिश पेपरने ‘नवी’ करू नये. कोमट साबणपाण्याच्या फडक्याने मळ काढावा, दोन दिवस वाळू द्यावे, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यावे. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते, उकळलेले म्हणून मिळते ते दिवसभरात वाळते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. अमेरिकी मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेल्या चाकूसारख्या, चामड्याच्या चकत्या रचून केलेल्या मुठींना मात्र तेल पाजू नये, चकत्या मऊ पडून मूठ फिरायला लागते. तिथे मेण पुरे. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठीला कापराचा किंवा आंबूस उग्र वास येत असेल, बारीक भेगा पडल्या असतील, तर ती विघटन पावते आहे. तिच्यातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइडचे वायू शेजारच्या चाकवांनाही गंजवतात. असा चाकू वेगळा, हवेशीर जागी ठेवावा आणि आगीपासून लांब.

चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवणे ही सर्वांत प्रचलित चूक. चामडे हवेतली ओल धरते, त्यात कमावण्याची रसायने उरलेली असतात आणि पाते आतल्या आत डाग धरते. साठवताना चाकू बाहेर, पात्यावर खनिज तेलाचा पुसट थर. खाद्यतेल लावू नये, काही आठवड्यांत ते चिकट होते.

घडीच्या चाकवांत आधी बघायचे ते पाते हलते का आणि कोणत्या दिशेला. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर खिळीचा, म्हणजे पाते जिच्यावर फिरते तिचा, स्क्रू किंचित आवळून भागते. उघड्या पात्याची धार-पाठ अशी वर-खाली हालचाल असेल तर लॉक झिजला आहे, आणि असा चाकू बोटांच्या जिवावर वापरू नये. बोटे वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हळूहळू दाबून लॉक तपासावा. पाठ आपटून नव्हे, त्याने चांगला लॉकही बिघडतो. फ्रान्समधल्या सावॉय प्रांतात १८९० पासून बनत असलेल्या ओपिनेल चाकवांना पाते अडवून धरणारे फिरते कडे मिळाले ते १९५५ मध्ये. त्याआधीचे चाकू हाती आले तर त्यांना लॉकच नाही हे ध्यानात ठेवावे. या चाकवांचे लाकूड ओलीने फुगते आणि पाते अडकते. पकडीने ओढू नये. मुठीचे मागचे टोक लाकडी फळीवर ठोकले की झटक्याने पाते नख धरता येईल इतके वर येते. मूठ वाळल्यावर खिळीच्या खाचेत जवसाचे तेल मुरवावे, पुढच्या वेळी फुगण्याचे प्रमाण कमी होते. फोल्डिंग चाकूने लाकूड ठोकून फोडणे हा प्रकार तर बंदच करावा, खिळी त्यासाठी नसते.

झिजून अरुंद झालेला चाकू टाकून द्यावा का? मुठीच्या मुळाशी तडा असेल तर होय, धार बोथट करून, फडक्यात गुंडाळून. नुसताच अरुंद असेल तर त्याला मोठी कामे सांगू नयेत. दहा-बारा मिलिमीटर रुंदीचे पाते लाकडाच्या आतल्या वळणात सहज फिरते, जिथे रुंद पाते अडून बसते. चमच्याचा दांडा, खाच, गोल भोकाची कड यांना तेच बरे. पण त्याला नवे म्यान लागते. जुन्या म्यानात ते सैल बसते, वाकले की निसटते आणि खाली मांडीवर किंवा पायावर पडते. नवे म्यान पाते घालूनच बेतावे, धारेच्या बाजूला शिवणीच्या आत चामड्याची जाड पट्टी घालावी म्हणजे धार दोरा कापत नाही. आणि चाकू आत ठेवून म्यान उलटे धरून दोन-तीनदा जोराने झटकून बघावे; जागचा हलला तर तोंडाशी पट्टा लावावा.

कळावे,
आपला,
एक वाचक